बाईंची ज्युरी

तुम्ही वकिलीकडे कशा वळलात असं कुणी विचारलं, तर बाई हातातलं काम न थांबवता सांगायच्या, "साडीला खिसा नसतो म्हणून."

विचारणारा हसायचा. बाई हसायच्या नाहीत. त्यांच्या लेखी ही सरळ गोष्ट होती. वकिलाला काळा कोट मिळतो, कोटाला खिसे असतात, आणि खिसे असले की माणसाला दोन्ही हात मोकळे ठेवून बोलता येतं. म्हणून तो कोट त्या कोर्टात घालायच्या, तसाच बाजारात घालायच्या, हळदीला घालायच्या आणि एकदा तर बारशालाही घालून आल्या होत्या. अलिबागच्या मासळीबाजारात कोळणी त्यांना लांबूनच ओळखायच्या. भर दुपारच्या उन्हात काळा कोट घालून बोंबलांवर घासाघीस करणारं दुसरं कुणी तिथे नव्हतं.

त्या खिशांत काय नसायचं? सुपारीची खांडं, रबरबँड, मेणबत्तीचं टोक, कोरे वकालतनामे आणि त्यांना चिकटून सुक्या जवळ्याची पुडी. एकदा युक्तिवाद ऐन रंगात असताना न्यायाधीशांनी नाक वर करून इकडेतिकडे पाहिलं. बाई वाक्य तोडून म्हणाल्या, "उजव्या खिशातून येतोय, साहेब. जवळा आहे. आजच घेतला." आणि तुटलेलं वाक्य तिथूनच पुढे उचललं. साहेबांनी पंखा वाढवायला सांगितला. त्या दिवशी आम्ही केस हरलो, पण मला नाही वाटत जवळ्यामुळे.

मी नुकतीच सनद घेऊन त्यांच्याकडे ज्युनियर म्हणून लागले होते. रोह्याची मुलगी, अलिबागेत भाड्याच्या खोलीत राहणारी, बोलताना "सदरहू" आणि "उपरोक्त" असे शब्द वापरले की आपण वकील वाटतो अशी समजूत असलेली. बाईंकडे त्यावर एक औषध होतं. मी असा शब्द उच्चारला की त्या माठाकडे बोट दाखवायच्या आणि म्हणायच्या, "पाणी पी." मी उठून पाणी प्यायचे, परत येऊन तीच गोष्ट साध्या शब्दांत सांगायचे. पहिल्या महिन्यात मी इतकं पाणी प्यायले की आईला फोनवर सांगितलं, इथली हवा मला मानवतेय, त्वचा सुधारली.

त्यांचा युक्तिवादाचा सराव समुद्रावर चालायचा. ओहोटीला, पाणी मागे सरलं की चपला हातात घेऊन त्या ओल्या वाळूत उभ्या राहायच्या, तोंड कुलाब्याच्या किल्ल्याकडे, आणि खड्या आवाजात सुरू व्हायच्या, "न्यायमूर्ती महाराज!" घोडागाडीवाले आता सवयीने बघायचेही नाहीत. पर्यटक मात्र मोबाईल काढायचे. मी एकदा विचारलं, किल्ल्यासमोरच का? म्हणाल्या, "मधे बोलत नाही. न्यायाधीशांची सवय लागण्याआधी आपलं म्हणणं एकदा पुरतं ऐकून घेणारं कुणीतरी हवं."

पण बाईंचा खरा छंद म्हणजे त्यांची ज्युरी.

आपल्याकडे कोर्टातली ज्युरी बंद झाली त्या सुमारास बाई पाटीवर अक्षरं गिरवत असतील. त्यांनी ती पाहिलेली नव्हती. पण ज्या म्हाताऱ्या वकिलांकडे त्या शिकल्या, त्यांनी तरुणपणी पाहिली होती, आणि त्यांच्या गोष्टी ऐकून बाईंच्या मनात ती पक्की बसली होती. कोर्टात साधी माणसं बसवायची. दुकानदार, मास्तर, बागायतदार. पुरावा त्यांच्यासमोर मांडायचा. मग न्यायाधीशांनी त्यांना समजावून सांगायचं, की बाबांनो, कायदा असा असा आहे, तुम्ही स्वतःला अमुक प्रश्न विचारा, त्याचं उत्तर हो आलं तर दोषी, नाही आलं तर निर्दोष. न्यायाधीशांनी हे सांगताना चूक केली तर त्या एका कारणावरून अपील व्हायचं.

"आता?" बाई विचारायच्या. "आता न्यायाधीश एकटेच. तेच सांगणार, तेच ऐकणार. म्हणजे सांगण्यातली चूक काही गेली नाही. ती ऐकणारं माणूस तेवढं एकच उरलं."

म्हणून त्यांनी स्वतःची ज्युरी भरवली होती. एसटी स्टँडमागच्या गल्लीत त्यांचं दोन खोल्यांचं ऑफिस होतं. पुढे चांगला रुंद ओटा. दर शनिवारी संध्याकाळी त्या ओट्यावर पाच-सात माणसं जमायची. नावं-गावं गाळून बाई त्यांना एखादी केस सांगायच्या, कायदा समजावायच्या आणि निकाल मागायच्या. ज्युरीचा भत्ता म्हणून भजी असायची, आणि थंडीत पोपटी. वालाच्या शेंगा, बटाटे, अंडी, वर भांबुर्ड्याचा पाला कोंबून मडकं उलटं जाळावर लावलं की अर्धी गल्ली न बोलावता ज्युरीत यायची.

कायमचे सभासद तिघं. कोळीवाड्यातली यमुनाबाई, मासे विकून झाले की रिकामी टोपली उपडी घालून तिच्यावरच बसणारी. शिंपीकाम करणारे इब्राहिमचाचा, बोलण्याआधी चष्मा पुसणारे. आणि महाडिक. महाडिक म्हणजे निवृत्त एसटी कंडक्टर. त्यांनी उभ्या आयुष्यात इतके विनातिकीट प्रवासी पकडले होते, की निर्दोष माणूस असतो यावर त्यांचा विश्वासच उरला नव्हता. केस कुठलीही असो, बाईंचं सांगून व्हायच्या आत ते म्हणायचे, "दोषी. पुढचा." बाईंना महाडिक फार प्रिय. "जो माणूस महाडिकांना पटला," त्या म्हणायच्या, "तो देवालाही पटेल."

अशात धर्माची केस आली.

धर्मा हा मांडव्याच्या बाजूच्या एका गावचा. शाळेच्या पोरांची ने-आण करणारी त्याची मिनीडोर, म्हणजे मोठी तीनचाकी रिक्षा, होती. त्याआधी, पोरगा असल्यापासून, तो गावातल्या एका शेठच्या वाडीत गडी होता. तिथे तांबड्या नावाचा बैल त्याने वासरू असल्यापासून वाढवला होता. शर्यतीचा मोसम आला, किनाऱ्यावर छकडे पळायला लागले, आणि धर्माच्या डोक्यात एकच गोष्ट बसली. तांबड्या एकदा पळाला पाहिजे. शेठला त्याने विचारलं. शेठ नाही म्हणाला. पुन्हा विचारलं. शेठ पुन्हा नाही म्हणाला. मग एके दिवशी सकाळी धर्मा वाडीत शिरला आणि बैल सोडला. संध्याकाळी परत बांधणार होता.

वाडीच्या राखणीला जानूआजा होता. त्याने ओरडून दाव्याचं दुसरं टोक धरलं आणि बैल सुटू नये म्हणून मनगटाला गुंडाळलं. ओरड्याने तांबड्या बुजला, उधळला, आणि जानूआजा बांधावरून खाली आपटला. मनगट मोडलं.

आता धर्माने काय करावं? रस्त्यावर मित्राचा छकडा उभा होता, एक बैल जुंपलेला, दुसऱ्याची वाट बघत. धर्माने तांबड्याला जुंपलं, जानूआज्याला उचलून छकड्यात निजवलं आणि गाडी सोडली, ती किनाऱ्याकडे नाही, सरकारी दवाखान्याकडे. पोलीस आले तेव्हा चोरीचा बैल दवाखान्याच्या फाटकाला बांधलेला होता, आणि चोर आत जानूआज्याच्या उशाशी बसून त्याला चहा पाजत होता.

"पण पळाला कसा?" पहिल्याच भेटीत बाईंनी त्याला विचारलं.

धर्माचा चेहरा उजळला. "वकीलबाई, काय सांगू तुमाला! असा बैल किनाऱ्यावर कदी धावला न्हाय. अन् बगाया कोन, तर नर्सबाई."

मुश्कील अशी, की धर्माच्या कमरेला कोयता होता. आमच्याकडे नारळ-गवताच्या कामाला जाणाऱ्या प्रत्येकाच्या कमरेला तो असतोच. पण कागदावर त्याचं 'हत्यार' झालं, प्रकरण जबरी चोरीचं झालं आणि सेशन्सला गेलं. बाईंनी तिथे जीव तोडून मांडलं. जानूआज्याने पिंजऱ्यात उभं राहून स्वच्छ सांगितलं, "धरम्यानं मला बोट लावलं न्हाय. मला बैलानं वढला." कोयत्याचा आरोप गळला. पण निकालपत्रात लिहिलं होतं, की चोरी सिद्ध झाली आहे आणि त्या वेळी इसमास दुखापत झाल्याचेही सिद्ध झाले आहे, सबब जबरी चोरीचा गुन्हा शाबीत होतो. तीन वर्षं सक्तमजुरी.

निकाल ऐकून मी कोर्टाच्या जिन्यात रडले. बाईंनी मला समोरच्या गाडीवर नेलं, दोन बर्फाचे गोळे घेतले, एक माझ्या हातात दिला. जिंकलं तरी गोळा, हरलं तरी गोळा, असा त्यांचा नियम होता. आपला गोळा चोखत त्या निकालाचं ते पान पुन्हा वाचत होत्या. मधेच बोट ठेवून म्हणाल्या, "हे बघ. हा 'आणि'. या 'आणि'ने आपल्याला मारलं."

अपील होईपर्यंत धर्माला जामीन मिळाला. अटक झाल्यावर दोन महिने त्याने तुरुंगात काढलेच होते. बाहेर आला तर मिनीडोर रिकामी. पहिल्यांदा पिंट्याच्या आईने पोराला काढून घेतलं. तिने तोंडावर सांगितलं, "धर्माभावजी, तुमी मानूस चांगलं. पन दरोडेखोराच्या गाडीत पोर कसं बसवू?" तिच्या मागोमाग बाकीच्यांनी काढून घेतलं. धर्माची स्वतःची मुलगी तेवढी त्या सबंध गाडीत एकटी, खिडकीशी बसून शाळेत जायची.

बाईंनी त्याला समजावलं, की हायकोर्टात आपण सगळंच नाकारू. परत करायच्या इराद्याने नेला, तर ती चोरीच नव्हे, असंही मांडून बघता येईल.

धर्मा म्हणाला, "न्हाय बाई. विचारल्याबिगर नेला, तर चोरी झालीच. मी चोर हाय. पन जबरी न्हाय केली. माज्या अंगावरून तेवढा सबूद काडा."

बाईंनी ते तसंच टिपून घेतलं. मला नंतर म्हणाल्या, "इतकी वर्षं वकिली केली. खटल्यात नेमकं काय हवंय हे ठाऊक असलेला हा पहिला अशील."

त्या शनिवारी ओट्यावर ज्युरी बसली. पोपटीचा धूर सगळ्या गल्लीत पसरला होता. धर्माही आला होता, कोपऱ्यात उकिडवा बसला होता. तो कोण हे कुणाला माहीत नव्हतं. बाईंनी केस सांगितली आणि मग, खालच्या कोर्टाने स्वतःला जसं सांगितलं होतं, अगदी तसंच ज्युरीला सांगितलं. "दोन प्रश्न. चोरी झाली का? दुखापत झाली का? दोन्हींचं उत्तर हो असेल, तर जबरी चोरी. बोला."

"दोषी," महाडिक म्हणाले. त्यांच्या तोंडात शेंग होती, तरी उशीर केला नाही.

यमुनाबाईने सुस्कारा सोडला. "बिचारा गो. पन दोनी झालं तं झालंच."

इब्राहिमचाचांनी चष्मा पुसला. "दिल नहीं मानता, बाई. पण तुम्ही कायदा असा सांगितला तर हमारे हाथ में क्या रहा? दोषी."

कोपऱ्यातून धर्माने हळूच हात वर केला. "मंग दोषीच की. असं असलं तं मी पन दोषीच म्हनतो."

बाई इतक्या हसल्या की कोटाच्या खिशातली सुपारी ओट्यावर सांडली. मला मात्र धडकी भरली. आरोपीनेच स्वतःला दोषी ठरवलं, आता हायकोर्टाचं काय? पण बाई खुशीत होत्या. "बघितलंस? माणसं वाईट नाहीत. बुद्धीही शाबूत आहे. प्रश्न चुकला, म्हणून उत्तर चुकलं. आता बरोबर प्रश्न विचारून बघायला नवी माणसं हवीत. ही ज्युरी आता बाटली."

नवी माणसं त्यांना कुठे मिळणार, हे मला सुनावणीच्या दिवशी कळलं.

मांडव्याहून गेटवेची सकाळची बोट. बाई, मी, धर्मा, आणि सोबत महाडिक. ते का आले होते? तर म्हणे, "हायकोर्टातले लोक बघायचेत." थंडीचे दिवस, बोटीमागे सीगल पक्ष्यांचा थवा, लोक त्यांना शेव-गाठ्या टाकत होते. धक्का मागे पडला आणि बाई बाकावरून उठून मधल्या वाटेत उभ्या राहिल्या. वाऱ्याने कोट फडफडत होता.

"मंडळी," त्यांनी किल्ल्यासाठी राखून ठेवलेला आवाज लावला, "मुंबई येईपर्यंत तुम्हाला दुसरं काही काम आहे का?"

लोकांना वाटलं, या काहीतरी विकणार. एका आजींनी पर्स उघडलीसुद्धा. बाईंनी त्यांना पर्स मिटायला लावली आणि धर्माकडे बोट करून केस सांगितली. बैल, दावं, जानूआजा, छकडा, दवाखान्याचं फाटक. बोट हळूहळू गप्प झाली. सीगलना गाठ्या टाकणारेही आत वळून ऐकू लागले. मग बाई म्हणाल्या, "आता कायदा. चोरी झाली एवढं पुरत नाही. दुखापत झाली तेवढंही पुरत नाही. तुम्ही स्वतःला विचारायचं ते असं. चोरी करता यावी, माल नेता यावा, त्यासाठी या माणसाने मुद्दाम कुणाला इजा केली का? सांगा."

एक गुजराती हार्डवेअरवाले शेठ लगेच म्हणाले, "अरे बेन, ओढला बैलाने, तेमां माणसाचा काय गुनो? जबरी नथी."

हात वर होऊ लागले. नाही, नाही, नाही. एवढ्यात कुत्र्याचं पिल्लू मांडीवर घेऊन बसलेली, मुंबईला परत निघालेली एक तरुण मुलगी म्हणाली, "पण एक मिनिट हां. त्याने चोरी केलीच नसती, तर आजोबा पडलेच नसते ना? मग त्याच्यामुळेच झालं की."

वर गेलेले हात खाली आले. धर्माने मान खाली घातली. मी बाईंकडे पाहिलं. त्यांच्या चेहऱ्यावरचं हसू गेलं होतं. समुद्राकडे तोंड करून त्या उभ्या राहिल्या. एका कुत्रेवाल्या मुलीने आमचं अपील भर समुद्रात बुडवलं होतं.

मग बाई स्वतःशीच पुटपुटल्या, "मुळे." पुन्हा म्हणाल्या, "मुळे." आणि एकदम गर्रकन वळल्या.

"बाळे, तुझं म्हणणं बरोबर आहे. आजोबा पडले ते चोरी*मुळे*. पण चोरी*साठी* पडले का? त्यांना पाडल्याने याचा काही फायदा झाला का? की उलट, त्यांच्या पडण्याने याची शर्यत गेली, बैल गेला, आणि हा आयताच पकडला गेला? कायद्याला 'साठी' लागतो गं. 'मुळे' चालत नाही."

मुलीने पिल्लाच्या डोक्यावरून हात फिरवत विचार केला. "साठी नाही," ती म्हणाली. "मुळे आहे, पण साठी नाही." आणि तिने हात वर केला.

आता राहिले महाडिक. बाई त्यांच्याकडे वळल्या. महाडिकांनी तोंड उघडलं, मिटलं. गेली कित्येक वर्षं ज्यांच्या निकालाला कधी क्षणाचा उशीर झाला नव्हता, ते महाडिक टोपी काढून डोकं खाजवत बसले. धर्माकडे त्यांनी नीट निरखून पाहिलं. शेवटी म्हणाले, "चोरीत दोषी. जबरीत..." त्यांना तो शब्द सापडेना. "जबरीत नाही. पुढचा."

बोटीत टाळ्या पडल्या. गुजराती शेठनी सगळ्यांना गाठ्या वाटल्या. धर्माला खूप मिळाल्या.

हायकोर्टात आमचा नंबर दुपारी लागला. बाई इंग्रजीत बोलत होत्या. त्यांचं इंग्रजी पक्कं होतं, फक्त त्याची चाल अलिबागची होती. न्यायमूर्ती वयस्क, चष्म्यावरून पाहणारे. सरकारी वकिलांनी मांडलं, की चोरीही सिद्ध आहे, दुखापतही सिद्ध आहे, मग राहिलं काय? न्यायमूर्तींनीही तेच विचारलं. आणि वर नेमका तो दुसरा प्रश्नही विचारला, कुत्रेवाल्या मुलीचा. यानं चोरी केली नसती तर तो म्हातारा माणूस पडला असता का?

बाईंनी इंग्रजीत सुरुवात केली, अडखळल्या, पुन्हा सुरुवात केली. 'मुळे' आणि 'साठी' इंग्रजीत नीट मावेनात. मग त्यांनी दोन्ही हात कोटाच्या खिशांत घातले, जे त्या कधीच करत नसत, आणि सरळ मराठीत म्हणाल्या, "पडला तो चोरीमुळे, महाराज. चोरीसाठी नव्हे. खालच्या कोर्टाने स्वतःला 'आणि' असं विचारलं. कायदा विचारतो 'त्यासाठी' का? हा प्रश्न तिथे विचारलाच गेला नाही. आज सकाळी मी तो विचारून आले."

"कुणाला?" न्यायमूर्तींनी विचारलं.

"मांडव्याच्या बोटीतल्या लोकांना."

सरकारी वकील ताडकन उभे राहिले. बोट हा पुरावा नव्हे, असं काहीतरी म्हणू लागले. न्यायमूर्तींनी हाताने त्यांना थांबवलं. "बोट पुरावा नाही, हे बाईंनाही ठाऊक आहे." मग क्षणभराने, मराठीतच, "काय म्हणाले बोटीतले?"

"एकीने आपलाच प्रश्न विचारला, महाराज. तिला पटलं. मग सगळ्यांना."

न्यायमूर्ती थोडा वेळ जानूआज्याची साक्ष वाचत बसले. "छकड्यातून दवाखान्यात," ते स्वतःशी म्हणाले. "बैल फाटकाला." त्यांच्या ओठाचा कोपरा हलला. आणि त्यांनी तिथेच निकाल सांगायला सुरुवात केली. स्टेनोची बोटं पळत होती.

निकाल इंग्रजीत होता. धर्माला एक अक्षर कळत नव्हतं. तो मागच्या बाकावर हात जोडून बसला होता. बाहेर व्हरांड्यात आलो तशी त्याने बाईंच्या कोटाची बाही धरली. "काय झालं? बाई, काय झालं?"

बाईंनी गंभीर चेहरा केला. "धर्मा, तू चोर आहेस."

"आन्?"

"आणि काही नाही. नुसता चोर. जबरी काढली. शिक्षा जेवढी भोगलीस तेवढी पुरे. घरी जा."

धर्मा खाली बसला, पुन्हा उठला. मग त्या लांबलचक दगडी व्हरांड्यात, काळ्या कोटांच्या गर्दीत, त्याने दोन्ही हात वर केले आणि ओरडला, "मी चोर हाय! नुस्ता चोर!" दोन पोलीस दचकून त्याच्याकडे धावले. महाडिक मधे पडले, त्यांनी शिपायांना थोपवलं आणि एखाद्या प्रवाशाचं तिकीट बघून खात्री पटल्यासारखं सांगितलं, "बरोबर बोलतोय तो. जाऊ द्या."

परतीच्या बोटीवर धर्मा दिसेल त्याला सांगत सुटला. गावात बातमी आमच्या आधी पोचली होती. मांडव्याच्या धक्क्यावर जानूआजा उभा होता, वाकडं बसलेलं मनगट पाठीशी लपवून. धर्माने त्याला मिठी मारली. जानूआजा बाईंना म्हणाला, "ताई, बैलाला काय बोललं का कोरट?" बाई म्हणाल्या, "बैलाला ताकीद दिलीय. पुन्हा बुजायचं नाही." जानूआज्याने मान डोलावली. त्याला ते खरं वाटलं की काय, मला अजून माहीत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी धर्माच्या गावी त्याच्या केसचे कागद परत द्यायचे होते, म्हणून बाई आणि मी तिकडे गेलो. शाळेची वेळ होती. वाटेत एका गाडीवर बाईंना कोवळ्या काकड्या दिसल्या आणि त्या तिथेच निवडायला थांबल्या. मी पुढे गेले. नाक्यावर धर्माची मिनीडोर उभी होती. आत त्याची मुलगी, नेहमीसारखी खिडकीशी. समोरून पिंट्याची आई पोराचा हात धरून आली. पोराच्या पाठीवर दप्तर, केसांना तेल. ती गाडीपाशी थांबली. मीही थांबले.

"निकाल लागला म्हनं. काय लागला?" तिने विचारलं.

धर्मा स्टेअरिंगवरून हात काढून सरळ बसला. "चोरी," तो म्हणाला, ताठ मानेने. "नुस्ती."

पिंट्याच्या आईने जरा विचार केला. मग पोराला काखेत धरून वर उचललं, पुढच्या सीटवर बसवलं, त्याचं दप्तर त्याच्या मांडीवर ठेवलं.

"बरं," ती म्हणाली. "पन येळेवर सोडा. काल रिक्षावाल्यानं प्रार्थना चुकवली."

मी मागे धावत सुटले. बाई काकडी कानाशी धरून नखाने टिचकी मारत होत्या. मी धापा टाकत सगळं सांगितलं, पिंट्याची आई काय म्हणाली, धर्मा काय म्हणाला, पोर कसं पुढच्या सीटवर बसलं. माझे डोळे भरून आले होते.

बाईंनी ती काकडी पसंत केली, गाडीवाल्याच्या हातात दिली आणि माझ्याकडे वळल्या.

"मग," त्या म्हणाल्या, "गाडी सुटली का वेळेवर?"